वास बाटलीतच राहायला हवा

कुत्र्याला वास शोधायला शिकवायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष कुत्र्याकडे जातं. पट्टा कोणता घ्यायचा, खाऊ कोणता द्यायचा, सुरुवात कोणत्या वयात करायची. ज्याचा वास शोधायला शिकवायचं त्या तेलाच्या बाटलीचा विचार सगळ्यात शेवटी होतो आणि तिची जागा फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या शेजारी ठरते. माझं म्हणणं, आधी बाटलीची नीट सोय करा आणि मगच कुत्र्याला हाक मारा. या सगळ्या खेळाचा पाया एकच आहे: वास आपण ठेवला तिथेच असला पाहिजे, दुसरीकडे कुठेही नाही. ओळीनं खोकी मांडली, एकात तेल लावलेली कापूसकाडी ठेवली, कुत्र्यानं तेच खोकं दाखवलं की त्याला खाऊ. पण तोच वास आपल्या बोटांवरून शेजारच्या खोक्याला लागला असेल तर कुत्रा तिथेही थांबतो. तो खरं सांगत असतो आणि आपण ‘नाही, चुकलास’ म्हणून त्याला पुढे ओढतो. असं वारंवार झालं की तो स्वतःच्या नाकावर विसंबणं सोडतो आणि आपल्या चेहऱ्याकडे बघायला लागतो. तिथून त्याला परत नाकाकडे वळवणं फार जड जातं.

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. निवृत्त होईपर्यंत एका रुग्णालयाच्या औषध विभागात होते. लवंग तेल, निलगिरी, गंधपुरा (विंटरग्रीन), पेपरमिंट ही सगळी उडनशील तेलं रोजच्या हाताखालची. औषधकोशात अशा तेलांच्या नोंदीखाली साठवणुकीची सूचना असते: भरलेली बाटली, हवाबंद झाकण, उजेडापासून दूर. निवृत्तीनंतर गल्लीतली कुत्री बिजली घरी राहायला आली, तिच्या नाकाची करामत दिसली आणि रविवारी सकाळी चारपाच कुत्रेवाल्यांचा आमचा छोटा जमाव जमू लागला. तेव्हा कपाटात तेलं लावताना त्या जुन्या सूचनेतला प्रत्येक शब्द कामाला आला. विशेषतः ‘भरलेली’. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी या खेळातल्या चार तेलांचा, म्हणजे बर्च, अ‍ॅनिस (बडीशेपेसारख्या वासाचं बी), लवंग आणि सायप्रस यांचा, स्वभाव समजून घ्या, कारण चारहींना एकच नियम लावून चालत नाही. अमेरिकेत नोजवर्क, म्हणजे कुत्र्यांचा वास शोधण्याचा खेळ, चालवणाऱ्यांनी बर्च, अ‍ॅनिस आणि लवंग हे तीन वास रूढ केले. अमेरिकन केनेल क्लबनं २०१७ मध्ये याच खेळाचं स्वतःचं रूप, सेंट वर्क, सुरू केलं, त्यात चौथा सायप्रस आला. युनायटेड केनेल क्लबच्या यादीत सायप्रस नाही, पण बोळ (मिऱ्ह नावाचा सुगंधी डिंक) आणि वाळा आहेत. आपल्याकडे हौसेनं शिकवणारे याच यादीतले वास उचलतात. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं कुत्र्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या कुत्र्यांना स्फोटकं, अमली पदार्थ असं जोखमीचं काम असतं. तो आपला प्रांत नाही. पण नमुना दुसऱ्या वासानं बाटू द्यायचा नाही, ही काळजी तिथेही तितकीच महत्त्वाची.

बर्च म्हणजे स्वीट बर्च, बेट्युला लेंटा नावाचं झाड. या तेलात जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेटच असतं. हवेनं ते लवकर बिघडत नाही, त्यामुळे चारांमध्ये सगळ्यात टिकाऊ. त्याचे शत्रू दोन, पाणी आणि लोखंड. बाटलीत ओल शिरली तर हळूहळू सॅलिसिलिक आम्ल तयार होतं, आणि गंजलेल्या पत्र्याला लागलं की तेल तांबूस पडतं. म्हणून बर्चच्या बाटलीला पत्र्याचं झाकण नको. पावसाळ्यात तर नकोच नको.

लवंग तेलात सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त युजेनॉल असतं. ताजं तेल फिकट पिवळं दिसतं. हवा आणि उजेड लागत गेला की तपकिरी होतं, घट्ट होतं आणि त्याचा वासही बदलतो. दुसरं, हे तेल प्लॅस्टिकला खातं. थर्माकोल आणि पारदर्शक कडक प्लॅस्टिकच्या डब्या याच्या थेंबानं मऊ पडतात, चिकट होतात. थर्माकोलच्या खोक्यात तेलं ठेवू नका, असं मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगते ते यासाठी.

अ‍ॅनिसमध्ये मुख्य घटक अ‍ॅनेथोल, तेलाचा ऐंशी-नव्वद टक्के भाग तोच. अ‍ॅनेथोल वीस-एकवीस अंशांना गोठतं. आपल्या इंदूरला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा कपाटातली अ‍ॅनिसची बाटली सकाळी पांढरी, खडेखडे झालेली दिसते. लोकांना वाटतं तेल खराब झालं, आणि ती फेकून देतात. ते खराब झालेलं नसतं. बाटली घट्ट बंद ठेवूनच हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात मानेपर्यंत उभी करा. सगळं वितळेपर्यंत थांबा आणि मग तळहातांमध्ये हळूहळू फिरवून एकसारखं होऊ द्या. अर्धवट वितळलेल्या बाटलीतून वरचा पातळ भाग काढायचा मोह टाळा. गोठतं ते अ‍ॅनेथोल, पातळ राहतात ते बाकीचे घटक. म्हणजे तुम्ही कापूसकाडीवर टाकता तो वास बाटलीतल्या मूळ वासापेक्षा वेगळा असतो. माणसाच्या नाकाला फरक कळणार नाही, कुत्र्याच्या नाकाला कळतो. शिवाय या तेलाला उजेडही सोसत नाही. उजेडात आणि हवेत अ‍ॅनेथोलचं थोडंथोडं अ‍ॅनिसाल्डिहाइड होत जातं.

सायप्रस सगळ्यात नाजूक. त्यात पाइनीन, कॅरीन अशी हलकी द्रव्यं भरपूर असतात. ती झपाट्यानं उडतात आणि हवेशी चटकन संयोग पावतात. जुनं सायप्रस टर्पेंटाइनसारखं उग्र येतं, झाकणाच्या आट्यांवर चिकट राळ साठते. याची वाफ पेटतीही चटकन. मे महिन्यात बंद खोली चाळिशीला टेकते तेव्हा उघड्या बाटलीवरची वाफ ठिणगीनं पेटू शकते. शेगडी, देवघरातलं निरांजन, उदबत्ती, इस्त्री यांच्या आसपास सायप्रस उघडायचं नाही. हे तेल मी लहानात लहान बाटलीत घेते, पावसाळा संपल्यावर घेते आणि वर्षभरानंतर वापरत नाही. बाकी तिघांना इतकी घाई नाही.

खरेदीबद्दल थोडक्यात. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक असलेलंच तेल घ्या. नुसतं ‘फ्रेग्रन्स ऑइल’ किंवा ‘अरोमा ऑइल’ लिहिलेलं नको, मसाजसाठी दुसऱ्या तेलात पातळ केलेलं नको. अ‍ॅनिस म्हणून चक्रीफुलाचं किंवा बडीशेपेचं तेल देणारे दुकानदार असतात. बर्च म्हणून गंधपुऱ्याचं तेल किंवा धुरकट वासाचं बर्च टार हातात पडतं. लवंगेचं तेल कळीचं की पानाचं, हे विचारून घ्या. कळीचं पाहिजे. शंका आली तर कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी कागदावर खाद्यतेलासारखा पारदर्शक डाग राहिला तर त्यात काहीतरी मिसळलेलं असू शकतं. एक जरूर करा, एकदा निवडलेलं तेल मधेच बदलू नका. नवी बाटली घेतली तर जुनी संपायच्या आत दोन्हींवर सराव करून घ्या.

बाटली आणि तिचं झाकण

गडद तपकिरी किंवा निळ्या काचेची, पाच किंवा दहा मिलीलीटरची बाटली. यापेक्षा मोठी कोणाला लागत नाही, कारण एका वेळी आपण थेंबांत वापरतो. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेतली की ती अर्धी होईपर्यंत वर्ष जातं आणि अर्ध्या बाटलीत हवा बसलेली असते. तेलाला बिघडवणारी तीच हवा. औषधकोशातलं ‘भरलेली बाटली’ याचसाठी. तेल निम्म्यावर आलं की ते लहान बाटलीत ओता, गळ्यापर्यंत भरा. काही जण पातळी वर आणायला बाटलीत काचेचे मणी टाकतात. मला ते पटत नाही. मणी किती स्वच्छ आहेत याची खात्री देता येत नाही, आणि लहान बाटल्या काही महाग नाहीत.

रबराच्या फुग्याचा ड्रॉपर लावून बाटली कधीही ठेवू नका. वाफेनं रबर फुगतं, चिकट होतं, त्याचा वास तेलात उतरतो आणि फटीतून तेलाचा वास बाहेर येतो. ड्रॉपर हवाच असेल तर काचेचा, वापरण्यापुरता, आणि प्रत्येक तेलाचा वेगळा. साठवणीसाठी कडक प्लॅस्टिकचं आट्यांचं झाकण घ्या, ज्याच्या आत टेफ्लॉनचं किंवा शंकूच्या आकाराचं अस्तर असतं. इंदूरच्या दवा बाजारात प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे अशा बाटल्या मिळतात. विचारताना ‘टेफ्लॉन लायनर’ एवढं म्हणा, त्यांना कळतं. पुठ्ठ्याचं अस्तर असलेलं झाकण तेल पितं आणि मग चोवीस तास वास सोडत राहतं.

झाकण लावण्यापूर्वी बाटलीचा गळा आणि आटे टिश्यूनं पुसा. आट्यांवर राहिलेला एक थेंब पुरतो. आपण झाकण फिरवतो, बोटं तेलकट होतात, त्याच बोटांनी कपाटाचं दार लावतो, आणि दुसऱ्या दिवशी कुत्री कपाटापाशी बसून आपल्याकडे बघत राहते. तिच्यापरीनं तिनं काम केलेलं असतं.

बाटली एकटी ठेवायची नाही. बाटली काचेच्या बरणीत, बरणी स्टीलच्या डब्यात. बरणी नवी हवी. लोणच्याची, जॅमची जुनी बरणी कितीही धुतली तरी झाकणाच्या रबरात तो वास राहतो आणि आपल्या तेलाला लागतो. स्टीलचे डबे मी बर्तन बाजारातून नवे आणले, घट्ट बसणाऱ्या झाकणाचे, चार तेलांना चार. एका डब्यात दोन तेलं कधीही नाहीत. बर्च आणि लवंग शेजारीशेजारी ठेवली तर काही आठवड्यांत दोन्ही बाटल्यांची बाहेरची बाजू आणि लेबलं मिश्र वासाची होतात. मग कुत्रा काय शिकतो? बर्च म्हणजे थोडी लवंग असलेलं बर्च. स्पर्धेत किंवा दुसऱ्याच्या घरी निव्वळ बर्च समोर आलं की तो घुटमळतो.

प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीवर भरवसा ठेवू नका. साध्या पॉलिथिनमधून हे वास आरपार जातात, पिशवी कितीही नीट बंद केलेली असो. आतून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली, कडा गरम करून चिकटवता येणारी पिशवी मात्र चांगली. लेबल पेन्सिलीनं लिहा आणि वर पारदर्शक टेप लावा. पेनाची, मार्करची शाई तेलाच्या बोटांनी विरघळते आणि सहा महिन्यांनी कोणती बाटली कधी उघडली ते वाचता येत नाही. तेलाचं नाव, बॅच, उघडल्याची तारीख, एवढं पुरे. झाकणांना रंगीत टेपही लावा: बर्चला निळी, लवंगेला लाल, असं काहीही, फक्त ते बदलू नका.

डबा कुठे ठेवायचा

घरातली सगळ्यात थंड, अंधारी आणि कुत्र्याच्या वावरापासून लांबची जागा शोधा. आमच्याकडे उत्तरेच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटाचा खालचा कप्पा आहे. त्या खोलीत बिजली झोपत नाही, तिचा खाऊ तिथे जात नाही, सराव तिथे होत नाही. वरचे कप्पे टाळा, उन्हाळ्यात छताजवळ हवा तापलेली असते. गच्चीवरची खोली, जिन्याखालचा मीटरचा कोनाडा, स्कूटरची डिकी, गाडीची काच, हे सगळं बाद. मेमध्ये उन्हात उभी राहिलेली बंद गाडी आत साठ अंशांच्या घरात जाते.

फ्रिजबद्दल मला सतत विचारतात. तेलांसाठी वेगळा छोटा फ्रिज असेल तर उत्तम, विशेषतः सायप्रससाठी. पण जेवणाच्या फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर त्यापेक्षा कपाट बरं. लोणी, दूध, साय वास ओढून घेतात हे तर आहेच. त्याहून वाईट म्हणजे त्याच फ्रिजमध्ये आपण कुत्र्याचं पनीर आणि उकडलेलं चिकन ठेवतो. खाऊला तेलाचा वास लागला की सगळा खेळच विस्कटतो. बक्षिसाच्या पिशवीलाच लवंगेचा वास, मग लपवलेली कापूसकाडी कशाला शोधायची?

फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच उघडू नका. तासभर बाहेर, बंदच राहू द्या. थंड काचेवर हवेतलं पाणी धरतं आणि उघडलं की ते आत उतरतं. जुलै-ऑगस्टमध्ये तर बाटली बाहेर काढल्याकाढल्या घामाघूम होते. अ‍ॅनिस फ्रिजमध्ये गोठणार हे उघडच आहे. त्याला मी फ्रिजमध्ये ठेवत नाही.

पावसाळ्यात बाहेरच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, आतल्या बरणीत नको. कापूसकाड्या आणि त्या ज्यात ठेवून लपवतो ती छोटी टिनं याच दिवसांत दमट होतात. टिनांना आतून गंज दिसला की ती काढून टाका. गंजाला स्वतःचा वास असतो आणि कुत्रा तोही शिकून घेतो.

इंदूरच्या स्वयंपाकघराची गोष्ट

आता यातला जो भाग बाहेरच्या कुठल्याच माहितीत सापडणार नाही, तो सांगते. आपलं शहर या चारही वासांनी भरलेलं आहे. सकाळचे इंदुरी पोहे बडीशेप घातल्याशिवाय होत नाहीत, आणि बडीशेपेत तेच अ‍ॅनेथोल असतं जे अ‍ॅनिसमध्ये. वरून भुरभुरतो त्या जीरावनात लवंग असते, बडीशेप असते. बाजूला लवंगाची शेव. जेवणानंतर मुखवासाची डबी फिरते. म्हणजे पोहे खाऊन, बोटं रुमालाला पुसून कोणी सरावाच्या खोक्यांना हात लावला की तिथे अ‍ॅनिस आणि लवंग दोन्ही अगदी थोडी पोचलेली असते. आमच्या रविवारच्या सरावाला म्हणून नियम आहे, पोहे-जिलबी नंतर. ज्यांना राहवत नाही त्यांनी त्या दिवशी खोक्यांना हात लावायचा नाही, लांबून बघायचं. कापूसकाडी लपवणाऱ्यानं तर साध्या, बिनवासाच्या साबणानं हात धुऊनच यायचं.

बर्चचं दुखणं वेगळं. दुखण्यावरची मलमं आणि फवारे, मूव्ह, आयोडेक्स, व्होलिनी, या सगळ्यांत गंधपुऱ्याचं तेल किंवा मिथाइल सॅलिसिलेट असतं. आणि बर्चच्या तेलात मुख्य तेच. गुडघ्याला मलम लावून आलेले आजोबा खुर्चीत बसले आणि कुत्रा त्यांच्या पायाशी जाऊन ठाम बसला, तर त्याला ओरडू नका. आजोबांना मलम लावायला मनाईही करू नका. सरावाची खोली बदला. घरात असं मलम असेल तर ते औषधाच्या पेटीत, पेटी दुसऱ्या खोलीत, आणि बर्चच्या डब्याला हात लावण्याच्या दिवशी त्याच हातांनी मलम चोळायचं नाही.

सायप्रस शिकवायला सुरुवात केली तेव्हा बागेतल्या मोरपंखीच्या झुडपांचा विचार करावा लागला. ती सायप्रसच्याच कुळातली. त्यांच्या कुंपणाजवळ सराव ठेवू नका, निदान पहिले काही महिने तरी. पाइनच्या तेलाचं फिनाइल टाकून पुसलेली फरशीही तशीच गोंधळात पाडते. आणि कोणी वाळा शिकवत असेल तर उन्हाळ्यात कूलरला लावलेले खसाचे पडदे आठवा. पंखा सुरू झाला की अख्खी खोलीच वाळ्याची होते.

यातलं काहीच घरातून हद्दपार करायचं नाही. पोहे खायचे, दाढ दुखली तर लवंग धरायची. कुत्र्याला रोजच्या जगातले हे वास शेवटी ओळखून बाजूला सारता यायलाच हवेत, आणि ते तो पुढे शिकतो. पण सुरुवातीच्या काळात आपल्या बाटलीतला वास स्वच्छ, ठळक आणि एकाच ठिकाणी मिळाला तरच त्याला हा फरक करता येतो.

कापूसकाड्या भरणं आणि नेणं

काड्या कागदी दांडीच्या घ्या, प्लॅस्टिकच्या नको, आणि मधोमध कापा. तेल थेट काडीवर ओतण्यापेक्षा मी लहान काचेच्या बरणीत तळाशी कापसाचा बोळा ठेवते, त्यावर दोन थेंब टाकते, वर कोऱ्या कागदाची घडी आणि त्यावर काड्या. झाकण लावून दोनतीन दिवस राहू द्यायचं. काड्या नुसत्या वाफेनं वास धरतात, तेलानं ओल्या होत नाहीत, त्यामुळे टिनाला, खोक्याला डाग पडत नाहीत. वासही सगळ्या काड्यांना सारखा लागतो. नवशिक्या कुत्र्याला थोडा जास्त वास लागतो, सरावलेल्याला जुनी, फिकी काडी द्यायला हरकत नाही. भरलेल्या काड्यांच्या बरणीवरही तारीख घाला. महिना-दीड महिन्यानं मी नव्या करते. सायप्रसच्या त्याहून लवकर.

तेल उघडायचं काम घराबाहेर करा, ओसरीवर किंवा बाल्कनीत, कुत्रा घरात बंद असताना. नायट्राइलचे हातमोजे घाला. प्रत्येक तेलाचा चिमटा वेगळा, त्यालाही त्याच रंगाची टेप. एका दिवशी एकच तेल उघडायचं. शेजारचा मुलगा मदतीला येतो, तो म्हणाला, “काकू, ग्लोव्हज घातले ना, मग आता काय भीती?” म्हटलं, “अरे, ग्लोव्हजनं तुझे हात वाचले. पण त्याच ग्लोव्हजनं तू कडी उघडलीस, नळ फिरवलास, मोबाइल उचललास. ते आता तीन ठिकाणी बर्च आहे.” हातमोजे आतली बाजू बाहेर करून उलटे काढायचे आणि लगेच बंद डब्यात टाकायचे. जमलं तर माणसंच वाटून घ्या. एकानं तेलाची काडी हाताळायची, दुसऱ्यानं खोकी आणि खाऊ. रिकामी खोकी आधी मांडायची, वासाचं खोकं सगळ्यात शेवटी. उचलताना उलट, वासाचं खोकं आधी. खोक्यांवर खूण करून ठेवा: वासाचं खोकं पुन्हा कधी रिकाम्या खोक्यांमध्ये जाणार नाही.

सरावाच्या जागी बाटली नेऊ नका, भरलेल्या काड्या तेवढ्या न्या. काडी भोकं पाडलेल्या छोट्या टिनात, टिन काचेच्या बरणीत, बरणी स्टीलच्या डब्यात. स्टीलच्या डब्याच्या झाकणाला सिलिकॉनची रिंग असेल तर लक्षात ठेवा, ती वास पिते आणि परत सोडते. म्हणून तो डबा जन्मभर त्याच तेलाचा. गाडीत डबा मागे, कुत्रा पुढे, आणि खाऊची पिशवी कुत्र्याच्या बाजूला. पोचल्यावर डबा सावलीत ठेवायचा.

वास गळतोय का, ते बघा

साठवण नीट झाली आहे की नाही, हे बघायची सोपी रीत आहे. बाटली असलेली बंद बरणी एका स्वच्छ, वासाचा स्पर्श न झालेल्या स्टीलच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून फिरून या, मग डबा उघडून पहिला श्वास घ्या. माणसाला जरा जरी वास आला, तरी झाकण गळतं आहे आणि कुत्र्याला तो कपाटाबाहेरूनही येत असणार. झाकण बदला, गळा पुसा, पुन्हा रात्रभर ठेवा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि पावसाळ्यानंतर ही तपासणी करतेच. उष्णतेनं बाटलीत दाब वाढतो, झाकणं सैल होतात.

कुत्रा कपाटाशी जाऊन खूण करत असेल तर त्याला रागावू नका आणि खाऊही देऊ नका. शांतपणे दुसरीकडे न्या. मग डब्यांची जागा बदला, कपाटाचा तो कप्पा बिनवासाच्या साबणानं पुसा आणि काही दिवस दार उघडं ठेवा.

धुण्याबद्दल. काच आणि स्टील बिनवासाच्या साबणानं, गरम पाण्यात धुवा, मग स्पिरिटनं पुसा आणि कडक उन्हात वाळवा. टिनं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळता येतात. पण एवढं करूनही लवंगेची बरणी लवंगेलाच ठेवा. प्लॅस्टिक आणि रबर धुण्यात वेळ घालवू नका, ते बदला.

ही तेलं खाण्याची नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. बर्चचं तेल म्हणजे सॅलिसिलेट, थोडं पोटात गेलं तरी कुत्र्याला आणि लहान मुलाला घातक. काडी नेहमी भोकं पाडलेल्या टिनात ठेवा, म्हणजे कुत्र्याला हुंगता येतं पण चाटता येत नाही. घरात मांजर असेल तर जास्त जपा. मांजरांच्या यकृताला सॅलिसिलेट आणि युजेनॉलसारखी फिनॉलं नीट निचरता येत नाहीत. कुत्र्यानं काडी गिळली तर घरी ओकारी काढायचा प्रयत्न न करता बाटलीसकट डॉक्टरांकडे जा, म्हणजे काय गेलं ते त्यांना लेबलावरून कळेल. हातावर तेल सांडलं तर आधी खाद्यतेलानं पुसा, मग साबण. नुसत्या पाण्यानं ते निघत नाही.

बिघडलेलं तेल आणि जुन्या काड्या सिंकमध्ये किंवा बेसिनमध्ये टाकू नका, मोरीचा पाइप कित्येक दिवस वास सोडत राहतो. काड्या, हातमोजे, टिश्यू एका काचेच्या बरणीत साठवा आणि झाकण घट्ट लावा. उरलेलं तेल त्याच बरणीतल्या लाकडाच्या भुशावर ओता. आपल्याकडे कचऱ्याच्या गाडीला घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, बरणी त्यात द्यायची, ओल्या-सुक्यात नाही. गाडी येईपर्यंत ती बरणी फाटकाबाहेर ठेवा, आणि त्या सकाळी कुत्र्याला दुसऱ्या बाजूनं फिरायला न्या.